ठेंगणी मोटार आणि मराठवाड्याचे रस्ते

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. दिवेलागणीच्या वेळीं त्या वर्तुळाभोंवतीं वाहनांची जी संथ प्रदक्षिणा चाललेली असते, तींत मधूनच एखादी मोटार अशी येते कीं, रसवंतीपाशीं उभ्या असलेल्या लोकांच्या माना आपोआप वळाव्यात. ती मोटार महाग असते असें नाहीं, नवी असते असेंहि नाहीं. शेजारपाजारच्या दहा घरांपुढें जी उभी असते, तीच ती. फरक एवढाच कीं, ही जमिनीला लगटून चालते. तिचीं चाकें मडगार्डाच्या कमानींत गच्च बसलेलीं दिसतात, आणि उभी असतांनाहि ती धांवावयास निघाल्यासारखी भासते. नांदेडांत वजिराबादच्या बाजूसहि अशा मोटारी हल्लीं दृष्टीस पडतात. कारखान्यांतून निघालेल्या मोटारीची उंची मुद्दाम कमी करण्याची ही हौस आहे. गॅरेजच्या बोलींत तिला 'गाडी लोअर करणें' म्हणतात.

या हौशी मंडळींचें माप मिलिमीटरांत नसतें, बोटांत असतें. टायरचा माथा आणि मडगार्डाची कड यांच्यामधील पोकळींत चार बोटें शिरलीं तर गाडी उंच. दोन शिरलीं तर बेताची. आणि एकहि बोट शिरलें नाहीं तर मालकाच्या चेहऱ्यावर जें समाधान पसरतें, तें पाहण्यासारखें असतें.

ही आवड पोरकट म्हणून झटकून टाकण्याजोगी नाहीं. डोळा कोणत्याहि चालत्या वस्तूंत प्रथम तिची बैठक पाहतो. लातूर जिल्ह्यांतील देवणी आणि नांदेड जिल्ह्यांतील लाल कंधारी या गोवंशांच्या खोंडांची पारख करणारा शेतकरी कांहीं केवळ दांत मोजून थांबत नाहीं. वशिंड, मान, पायांची ठेवण, उभें राहण्याची ढब हें सारें तो डोळ्यांखालून घालतो. नांदेड-लातूर रस्त्यावरच लोहा तालुक्यांत माळेगांव आहे. तेथें खंडोबाच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि त्या बाजारांत रुबाबाला किंमत असतेच. परंतु घोडा घेणारा शहाणा मनुष्य शेवटीं त्याचा पाय उचलून खूर पाहतो. मोटारीच्या हौशींत हा खूर पाहण्याचा भाग राहून जातो, आणि पुढील सगळी रड तेथून सुरू होते.

कारखानदारानें ती चार बोटांची पोकळी ठेवलीच कां? त्याला सौंदर्यदृष्टि नव्हती म्हणून खास नव्हे. परदेशांत विकल्या जाणाऱ्या कित्येक मोटारी हिंदुस्थानांतील बाजारासाठीं मुद्दाम थोड्या उंच करून विकल्या गेल्या आहेत. ती पोकळी म्हणजे चाकाला वर सरकण्यासाठीं राखून ठेवलेली जागा होय. चाक खड्ड्यांतून उसळलें कीं तें त्या जागेंत शिरतें. मोटारींत पांच माणसें बसलीं कीं सारा सांगाडा त्या जागेंत खालीं येतो. पोकळी रिकामी दिसते ती गाडी रिकामी आणि उभी असेपर्यंत.

मराठवाड्याला ही गोष्ट मोटारी येण्यापूर्वींपासून ठाऊक होती. या प्रदेशाची माती बेसाल्ट खडक झिजून झालेली काळी चिकणमाती आहे. तींतील एका विशिष्ट सूक्ष्म खनिजाच्या पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं ती फुगते आणि उन्हाळ्यांत आटली कीं तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पावसाळ्यांत अशा मातींतून बैलगाड्या जाऊं लागल्या म्हणजे चाकांचे दोन खोल चर पडतात, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्यांतूनच जावें लागतें. यालाच चाकोरी म्हणतात. चाकोरी खोल झाली कीं दोन चरांमधील मातीचा उंचवटा गाडीच्या बुडाला लागूं लागतो. म्हणून ओझ्याच्या गाडीचें चाक मोठें आणि कणा उंच ठेवण्याची रीत पडली. माणसांना नेणारी दमणी हलकी व देखणी असे. पण तिचा कणाहि जमिनीपासून चांगला वर असे. सुतारानें शोभा आणिली ती साट्याच्या कोरीव कामांत, घुंगरांत आणि छतांत. चाकाच्या उंचीला त्यानें हात लावला नाहीं.

चाकोऱ्या पुष्कळशा गेल्या. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आतां रुंद झाला आहे. पण माती तीच आहे. काळ्या मातीवर बांधलेल्या रस्त्याच्या कडा पावसाळ्यांत फुगतात, उन्हाळ्यांत दबतात आणि चार-दोन वर्षांत सपाट डांबरावर लाटा उठतात. महामार्ग सोडून गांवाकडे वळलें कीं एकेरी रस्ता लागतो. समोरून ट्रक आला म्हणजे डावीं चाकें डांबराखालीं उतरवावीं लागतात. कड व जमीन यांत वीतभर अंतर असेल, तर ठेंगण्या मोटारीचा दाराखालचा पत्रा त्या कडेवर टेकतो. उसाच्या गळिताच्या हंगामांत ट्रॉलींतून निसटलेल्या उसाच्या कांड्या रस्त्यावर पडलेल्या असतात. उंच गाडी त्यांवरून निमूट जाते. बुटक्या गाडीच्या पोटाखालीं त्या अडकून खडखडत जातात.

परंतु हें सारें गौण आहे. ठेंगण्या मोटारीचा खरा परीक्षक म्हणजे गतिरोधक. त्याचा हिशेब एकदां नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुष्कळ मालकांची फसगत याच हिशेबांत होते.

रस्ते कसे बांधावेत याचे दंडक या देशांत इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरविते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ मध्यें नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून ती १९३४ मध्यें स्थापन झाली. या संस्थेच्या १९८८ च्या दंडकाप्रमाणें गतिरोधक हा वर्तुळाच्या कमानीच्या आकाराचा, ३·७ मीटर रुंद आणि मध्यभागीं १० सेंटिमीटर उंच असावा. ताशीं २५ किलोमीटर वेगानें तो सुखानें ओलांडतां यावा. येथें रुंदीकडे लक्ष दिलें पाहिजे. लहान मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २·४५ मीटरच्या आसपास असतें. म्हणजे मोटार मध्यावर आली असतां तिचीं चारहि चाकें त्या उंचवट्यावरच असतात. उंचवटा मोटारीला स्वतःबरोबर वर उचलतो. अशा वेळीं मोटारीच्या पोटाची उंची घटते ती पुऱ्या १० सेंटिमीटरांनीं नव्हे, तर केवळ साडेचार सेंटिमीटरांच्या आंत. भूमितीच्या विद्यार्थ्यानें कागदावर १७ मीटर त्रिज्येची कमान काढून पाहिली तर त्याला सुमारें ४४ मिलिमीटर हा आंकडा मिळेल.

आतां गांवांतील गतिरोधक घ्यावा. एखादें पोर भरधाव वाहनाखालीं येतें, गांव खवळतें, आणि रातोरात रस्त्यावर कालविलेल्या सिमेंटचा बांध पडतो. त्या ओबडधोबड बांधामागें बहुधा अशी एखादी कहाणी असते; त्याला नांवें ठेवतांना एवढें विसरूं नये. पण तो बांध दीड-दोन फूट रुंद आणि कधीं कधीं १५ सेंटिमीटर उंच असतो. पुढचीं चाकें त्याच्या पलीकडे उतरतात तेव्हां मागचीं अलीकडेच असतात, आणि दोन्हींच्या मध्यें तो बांध मोटारीच्या पोटाखालीं उभा राहतो. येथें उंचवटा गाडीला मुळींच उचलीत नाहीं. त्याची सबंध उंची पोटाच्या उंचींतून वजा होते.

समजा, लातुरांतील एका घरीं एक लहान मोटार आहे, आणि रिकामी असतां तिचें पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच आहे. घरांतील मुलानें ती ४० मिलिमीटर खालीं आणिली. दोन बोटांहून थोडी अधिक, एवढीच ती उतरली. रिकाम्या रस्त्यावर त्यानें ती एकट्यानें फिरविली, सारें ठीक. मग नांदेडास मामाच्या घरीं लग्न निघालें. आईवडील, आजी, बहीण आणि तो स्वतः, शिवाय दोन जड बॅगा आणि आहेराचें गांठोडें, मिळून साडेतीनशें किलो ओझें झालें. लहान मोटारीच्या प्रत्येक स्प्रिंगेवर साधारण दोन किलो ओझें वाढलें कीं ती एक मिलिमीटर दबते, असें धरलें, तर हें कुटुंब आंत बसतांच मोटारीचें पोट मध्यावर सुमारें ४० मिलिमीटर खालीं येतें. मागचें अंग त्याहूनहि अधिक. मूळच्या १७० ची राहिली १३०. मुलानें आधींच ४० उतरविली होती, उरले ९०. नवी स्प्रिंग अधिक कडक आहे म्हणून पांच-सात मिलिमीटर दबणें वांचलें, तर ९५ म्हणावेत.

दंडकाप्रमाणें बांधलेल्या गतिरोधकावर या ९५ मधून ४४ गेले तरी पन्नासावर उरतात; मोटार सुखरूप ओलांडते. गांवाच्या १० सेंटिमीटरच्या अरुंद बांधावर ती घासते, आणि १५ सेंटिमीटरच्या बांधावर अडकून बसते. थोडक्यांत, नियमानें बांधलेले सगळे उंचवटे ही मोटार पार करते आणि लोकांनीं बांधलेले बहुतेक तिला पार करतां येत नाहींत. मूळ उंचीची मोटारहि भरल्यावर त्या १५ सेंटिमीटरच्या बांधावर पोट घासते, हें खरें; पण ती १२ सेंटिमीटरच्या बांधावरून जाते, आणि बहुतांश बांध त्याच मापाचे असल्यानें तेवढ्यावर तिचा संसार चालतो. म्हणजे ते ४० मिलिमीटर शोभेच्या दृष्टीनें नगण्य वाटले तरी वाटेंतील कोणतीं गांवें मोकळीं आणि कोणतीं बंद, हें तेच ठरवितात. ठेंगण्या मोटारीचे चालक बांध तिरपा घालून एकेक चाक चढवितात, तें याच कारणानें. आईवडिलांना खालीं उतरवून मोटार रिकामी पार करणें आणि मग त्यांना पुन्हां बसविणें, हाहि प्रकार घडतोच. लग्नाला निघालेली आजी भर उन्हांत रस्त्याच्या कडेला उभी राहून नातवाच्या मोटारीचें सौंदर्य न्याहाळीत असते!

आजीचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो कोणी विचारांत घेत नाहीं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना फार उंच गाडींत चढणें जितकें कठिण, तितकेंच फार बुटक्या गाडींतून उठणेंहि कठिण. आसन दीड-दोन इंच खालीं गेलें कीं गुडघ्यावर पडणारा भार वाढतो. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यांत नेण्याच्या वेळीं हे दीड इंच आठवतात.

मोटारीच्या पोटाखालीं सर्वांत नाजूक वस्तु म्हणजे इंजिनाच्या तळाशीं असलेलें तेलाचें भांडें. गॅरेजांत त्याला नुसतें 'चेंबर' म्हणतात. कांहीं गाड्यांत तें पातळ पत्र्याचें, कांहींत ओतीव अल्युमिनियमचें असतें. पत्रा चेपतो, ओतीव धातु तडकते. चेंबरला चीर पडली कीं तेल गळूं लागतें, आणि तें गळत असल्याचें आंत बसलेल्या मनुष्याला कळत नाहीं. पुढें आठ-दहा किलोमीटरांवर तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागतो. तो दिवा पाहून जो तेथल्या तेथें इंजिन बंद करतो, त्याचा खर्च चेंबरवर भागतो. जो 'पुढच्या गांवापर्यंत जाऊं' म्हणतो, त्याच्या इंजिनाचे बेअरिंग जळतात, आणि रात्रीच्या वेळीं कुटुंबासह आडरस्त्यावर मुक्काम करण्याचा प्रसंग येतो. उंची कमी करण्याचा खर्च मोजतांना स्प्रिंगेची किंमत सारे मोजतात. ही रात्र कोणी मोजीत नाहीं.

पंक्चर झालें कीं दुसरीच अडचण उभी राहते. हवा गेलेलें चाक आधींच बसलेलें असतें. त्यांत गाडी ठेंगणी. मग कारखान्यानें दिलेला जॅक तिच्याखालीं शिरतच नाहीं. आधीं चाक एखाद्या फळीवर चढवावें लागतें.

आतां उंची कमी करण्याच्या रीतीकडे वळलें पाहिजे, कारण तींत चांगलें आणि वाईट यांतील अंतर फार मोठें आहे. मोटारीचें सस्पेन्शन म्हणजे मुख्यतः दोन वस्तु: ओझें पेलणारी आणि धक्का सोसणारी स्प्रिंग, आणि त्या स्प्रिंगेला झुलत न ठेवतां आवरणारा, मिस्त्री ज्याला 'शॉकअप' म्हणतात तो तेलाचा दट्ट्या. चाक फार वर उसळलें तर शेवटीं एका रबरी ठोकळ्यावर आपटतें; तो शेवटचा आसरा. मोटार खालीं आणिली म्हणजे चाकापासून त्या ठोकळ्यापर्यंतची वाट कमी होते. ती वाट अर्धी झाली, तर तोच धक्का ठोकळ्यावर न आपटतां पचविण्यास स्प्रिंग दुप्पट नव्हे, ढोबळ मानानें चौपट कडक असावी लागते. कारण स्प्रिंगेंत सांठणारी शक्ति दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. चौपट कडक स्प्रिंग लावली तर मोटारींत बसणें लाकडी खाटेवर बसण्यासारखें होईल, म्हणून तितकी कडक कोणी लावीत नाहीं. परिणामीं ठोकळ्यावर आपटणें थोडें वाढतें आणि हाडें खिळखिळीं होणेंहि थोडें वाढतें. उंची कमी करणाऱ्यानें हा सौदा आधींच मनांत पक्का धरला पाहिजे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे मूळ स्प्रिंगच कापणें. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगेचा एक वेढा कापला तर उरलेली स्प्रिंग जेमतेम चौदा टक्के कडक होते. वाट मात्र त्याहून पुष्कळ अधिक आटते. शिवाय कापलेलें टोंक आपल्या बैठकींत नीट बसत नाहीं, आणि चाक खड्ड्यांत लोंबकळलें कीं स्प्रिंग जागेवरून हलते. गॅसच्या ज्योतीनें तापवून स्प्रिंग बसविणें हा तर अघोरी प्रकार आहे. त्यानें पोलादाचें पाणीच उतरतें. या दोन्ही रीतींना हौस म्हणतां येत नाहीं. त्या मोटारींत दुसरीं माणसें बसणार असतात.

योग्य रीत म्हणजे त्या मोटारीसाठींच बनविलेल्या, लांबीनें कमी आणि मापानें कडक अशा चारहि स्प्रिंगा एकदम बदलणें, आणि त्यांना आवरतील असे शॉकअप त्यांच्याबरोबर घालणें. जुन्या, दमलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग घातली तर गाडी प्रत्येक लाटेवर दोनदोन उड्या मारते. फिरवून उंची कमीजास्त करतां येईल असेहि संच मिळतात. महाग पडतात, पण चूक दुरुस्त करण्याची सोय त्यांत राहते. उंची बदलली कीं चाकांचे कोन बदलतात. ते मापून पुन्हां बसविले नाहींत तर नवे टायर आंतल्या कडेनें थोडक्याच दिवसांत झिजून जातात.

ठेंगणी गाडी वळणावर अधिक स्थिर असते, असें अभिमानानें सांगण्यांत येतें. यांत तथ्य आहे, पण जेवढें सांगतात तेवढें नाहीं. गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर असेल आणि तो ३ सेंटिमीटर खालीं आला, तर वळतांना आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारें ओझें पांच-साडेपांच टक्क्यांनीं घटतें. फायदा एवढाच. उलट बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नांवानें ओळखली जाणारी जी रचना असते, तिचा एक चमत्कारिक गुण आहे. वळतांना सांगाडा ज्या कल्पित बिंदूभोंवतीं कलतो, तो बिंदु गाडी खालीं आणतांच गुरुत्वमध्याहून अधिक झपाट्यानें खालीं जातो. त्यामुळें दोहोंमधील अंतर वाढतें, आणि स्प्रिंगा तेवढ्या कडक केल्या नसतील तर खालीं आलेली गाडी आधींपेक्षां अधिक कलूं शकते. शर्यतीच्या मोटारी ठेंगण्या असतात म्हणून घरच्या मोटारीलाहि ठेंगणें केलें कीं तिला शर्यतीचे गुण येतात, हा समज येथें लंगडा पडतो.

या विषयांत परदेशांतील दोन उदाहरणें बोधक आहेत, आणि दोन्ही एकाच कारखान्याचीं. फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यानें शेतकऱ्यांसाठीं १९४८ मध्यें जी साधी मोटार पुढें आणिली, तिची अट अशी सांगितली जाते कीं, नांगरलेल्या शेतांतून अंड्यांची टोपली नेली तरी एकहि अंडें फुटूं नये. मोटार दिसण्यांत अगदीं बेंगरूळ; पण लांब पल्ल्याच्या मऊ स्प्रिंगांनीं तिनें फ्रान्सचीं खेडीं जिंकलीं. त्याच कारखान्यानें १९५५ मध्यें तेल आणि वायु यांच्या दाबावर तोललेली दुसरी मोटार आणिली. ती उभी असतां खालीं बसे, आणि वाईट रस्त्यावर एक दांडा फिरवून चालक तिला वर उचली. रूप आणि उपयोग यांचें भांडण तिनें मिटविलें. फक्त तें मिटविण्याची किंमत सामान्य मनुष्याच्या खिशाबाहेरची होती. कॅलिफोर्नियांत याच्या उलट घडलें. तेथें मेक्सिकन वंशाच्या तरुणांनीं मोटारी इतक्या खालीं आणिल्या कीं, चाकाच्या लोखंडी कड्याच्या खालच्या कडेपेक्षां गाडीचा कोणताहि भाग खालीं असूं नये, असा कायदा राज्याला करावा लागला. तो कायदा १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला आहे. पण त्यांतील कसोटी अजूनहि उपयोगाची आहे. टायर फुटलें तरी गाडीचें पोट रस्त्यावर फरफटणार नाहीं, एवढी ती शाश्वति देते.

आपल्याकडील कायदाहि पाहिला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकास करतां येत नाहीं. आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें हें बंधन ठामपणें उचलून धरलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें, परवानगी नसलेल्या बदलासाठीं मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणून हत्यार चालविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें, आणि विमा कंपनीला लेखी कळवावें. न कळविलेला बदल अपघातानंतरच्या तपासणींत उघडा पडतो, आणि मग नुकसानभरपाईचा वाद सुरू होतो.

तरीहि ज्याला हौस आहे त्यानें काय करावें? पहिली गोष्ट, पोकळी कमी दिसणें आणि पोट खालीं येणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें ओळखावें. डोळ्याला खुपते ती पोकळी. तिच्यांतील निम्मी खूण चाकांनीं पुसली जाऊं शकते. कारखान्यानें त्याच मोटारीच्या वरच्या दर्जाच्या नमुन्याला दिलेलीं मोठीं चाकें बसविलीं, तर कमान भरलेली दिसते आणि पोटाची उंची जशीच्या तशी राहते. यांतहि अतिरेक नको. टायरची भिंत फार बारीक झाली तर पहिल्याच खोल खड्ड्यांत चाकाचें कडें वांकतें. चाकांनीं एवढें काम केल्यावर स्प्रिंगेनें २० ते २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें एक इंच, खालीं आणिलें तरी रूप पुष्कळ पालटतें. पहिल्या इंचाचें रूप स्वस्त पडतें. दुसऱ्या इंचापासून प्रत्येक मिलिमीटर चेंबरच्या हिशेबांत मांडावा लागतो. जो मनुष्य नांदेड शहराबाहेर क्वचित् जातो, एकटाच फिरतो, आणि ज्याच्या घरीं दुसरें उंच वाहन आहे, त्यानें ४० पर्यंत जावें. घरांत एकच मोटार असणाऱ्यानें इंचावर थांबणें बरें. चेंबरखालीं पोलादी पत्रा बसविणें दोघांनाहि हितावह. मात्र त्या पत्र्याची जाडीहि उंचींतूनच वजा होते. गतिरोधकावर ब्रेक दाबून चढूं नये. ब्रेकनें गाडीचें नाक खालीं जातें. आधींच वेग कमी करून चाक चढतांना ब्रेक सोडून द्यावा.

आणि किती मिलिमीटर हा प्रश्न पैसे खर्च करण्यापूर्वींच सोडवितां येतो. ४० मिलिमीटर उतरवावयाची असेल तर ४० मिलिमीटर जाडीचे थर्माकोलचे तुकडे घ्यावेत. एक चेंबरखालीं, एक पोटाच्या मध्यभागीं, एक पुढील बंपरच्या खालच्या कडेला, असे चिकटपट्टीनें पक्के बसवावेत. सायलेन्सरच्या नळीपासून मात्र ते दूर ठेवावेत, ती तापते. मग घरांतील सारीं माणसें बसवून ज्या वाटेनें वर्षभर जाणें-येणें असतें त्याच वाटेनें, आजोळ, शेत, दवाखाना, बाजार, असे आठ दिवस हिंडावें. आठव्या दिवशीं गाडीखालीं वांकून पाहावें. तुकडे शाबूत असतील तर मिस्त्रीकडे जाण्यास हरकत नाहीं. एखादा घासून निम्मा झाला असेल, तर त्याच्या जागीं वीस मिलिमीटरचा तुकडा लावून तीच फेरी पुन्हां करावी.